मुट्टबेडी साहेबांची वांगी

२१ जानेवारी, मंठाळ

हर्षिताचं पार्सल आलं. निवृत्तीच्या निमित्तानं शाल असेल असं वाटलं होतं. आत निघाली तळहाताएवढी एक हिरवी पाटी, तिच्या कडेनं सोनेरी भोकं, एक लहान स्पीकर आणि चिमटे लावलेल्या वायरींची जुडी.

हर्षिता आमची एकुलती मुलगी. बेंगळूरला लहान मुलांच्या संग्रहालयांसाठी हात लावून खेळायच्या वस्तू बनवते. असल्या कामाला पगार मिळतो हे मला अजून खरं वाटत नाही. फोनवर म्हणाली, "अप्पा, वायरीचं एक टोक पाटीला लावायचं, दुसरं कुठल्याही ओलसर वस्तूला. काकडी, भोपळा, काहीही. वस्तूला हात लावला की आवाज येतो. तुमच्याएवढा विजेचा अनुभव आमच्याकडं कुणालाच न्हाई. जरा तपासून द्या."

जन्म वीज खात्यात गेला, शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो, आणि आता कुठं घरच्या माणसांना किंमत कळली.

सौ. नलिनीनंही नवल केलं. एरवी ती मला घरात एक खुंटी मोकळी देत नाही. आज तिनं पुढचा अख्खा सोपा रिकामा करून दिला. "हितं बसा. दिवसभर बसा. स्वैपाकघराकडं यायची गरजच न्हाई," म्हणाली. गेल्या आठवड्यात मी तिचे डबे वर्णानुक्रमे लावून दिले (मीठ 'लवण' म्हणून ल मध्ये), तेव्हापासून ती माझ्या वेळेची फार काळजी घ्यायली आहे.

२३ जानेवारी

पहिला प्रयोग. वस्तू: वांगं.

सुरक्षेसाठी खात्याचे जाड रबरी हातमोजे घातले. पायाखाली रबरी चटई. मोबाईल चार्ज करायच्या पॉवरबँकेवर ही पाटी चालते, ती पॉवरबँक लाकडी पाटावर ठेवली. वांग्याला वायर टोचली. हात लावला. काही नाही. देठाकडून लावला, बुडाकडून लावला. काही नाही. हर्षिताला फोन करून पाटी नादुरुस्त असल्याचं कळवलं.

तेवढ्यात सौ. आली. "भाजीला एक कमी पडायलंय," म्हणत तिनं वांगं उचललं.

वांगं ओरडलं, "भोंऽऽ!"

बाई घाबरून टाकून देईल असं वाटलं. तिनं टाकलं नाही. पुन्हा दाबलं. मग एका बोटानं, मग कोपरानं, मग गालानं. बराच वेळ सोपाभर भोंभों चाललं होतं. शेवटी तिनं माझ्या हातमोज्यांकडं पाहिलं आणि आत गेली.

दुपारी हातमोजे काढून ठेवले. जानेवारीतही कधी कधी उकडतं.

निष्कर्ष: माणसाच्या अंगात पाणी असतं, ते जवळ आलं की पाटीला कळतं. वांगं मात्र सकाळी गार असल्यानं त्याला वेळ लागत असावा.

२८ जानेवारी

इथल्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, रूपाली, घरी आल्या. पाटीबद्दल त्यांना कसं कळलं कोण जाणे. परवा बाजारात सौ.ची नि त्यांची गाठ पडली होती, पण त्या दोघी फक्त मेथीबद्दल बोलल्या असं सौ. म्हणते.

"सर, अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन हाय. तुमी ह्या पाटीचं कायतरी मांडावं असं आमाला वाटायलंय. पोरांना हसू येईल असं."

मी त्यांना सांगितलं की वीज आणि हसू या दोन गोष्टी माझ्या नोकरीत एकत्र आलेल्या नाहीत. पण विषय दिला: 'भाज्यांद्वारे विद्युत सुरक्षा'. प्रत्येक भाजीला हात लावला की माझ्या आवाजात माहिती. बाईंनी पर्स उघडली, पुन्हा बंद केली. भारावल्या असाव्यात. जाताना स्वयंपाकघरात सौ.ला भेटायला गेल्या आणि चहा होऊन भांडी घासून होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

खरं लिहायचं तर मलाही बरं वाटलं. पूर्वी वारा सुटला, लाईट गेली, की सगळं गाव मला फोन करायचं. शिव्यासुद्धा द्यायचं. आता वारा सुटतो, लाईट जाते, आणि मी फोन हातात धरून बसतो.

४ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रण. "हे वांगे आहे. वांग्यात पाण्याचे प्रमाण भरपूर असल्याने ओल्या हाताने बटन दाबू नये." असं काकडी, भोपळा, केळ, गाजर सगळ्यांचं. केळ भाजी नाही ही सौ.ची हरकत फेटाळली. मध्येच कुकरची शिट्टी झाली म्हणून भोपळा पुन्हा म्हणावा लागला.

मग सिद्धलिंग आला. माझ्या हाताखाली लाईनमन होता, आता बसस्टँडला त्याचं वायर-बल्बचं दुकान आहे. त्याला म्हटलं, "सिद्धलिंग, वांग्याला हात लाव."

तो दोन पावलं मागं सरकला. "बिडरी, साहेब, ऱ्हाऊ द्या. तुमच्यासमोर कशालाबी हात लावायची सवय न्हाई मला." फारच आग्रह केला तेव्हा खिशातून टेस्टर काढला आणि वांग्याला टेकवला. दिवा लागला नाही तेव्हा म्हणाला, "लाईन बंद हाय," आणि चहा न घेता गेला.

९ फेब्रुवारी

घरी चाचणी. गल्लीतली पोरं बोलावली. आली, ओळीनं उभी राहिली, आणि सगळ्यांनी हात पाठीमागं धरले. मी म्हटलं, "लावा हात." कुणी हललं नाही. एक मुलगी दुसरीच्या कानात म्हणाली, "हे मुट्टबेडी साहेब हायेत." दुसरीनं हात आणखी घट्ट धरले.

ऐकून ऊर भरून आला. तालुक्यातल्या विजेच्या प्रत्येक डीपीवर मी पाट्या लावून घेतल्या होत्या. वर कवटी, खाली कन्नडमध्ये 'मुट्टबेडी' आणि मराठीत 'हात लावू नका'. आठवड्याच्या बाजारात भोंगा घेऊन मी स्वतः ओरडायचो. निवृत्त झालो तरी संदेश लहान लेकरांपर्यंत टिकून आहे.

पण भाज्यांना कुणी हात लावला नाही तो नाहीच. शेवटी मीच एकेक भाजी दाबून सगळी माहिती ऐकवली. काकडी संपेपर्यंत दोन पोरं पेंगायली होती.

१० फेब्रुवारी

झोप नीट नाही. अठ्ठावीसला सगळी शाळा हात मागं बांधून उभी राहिली तर? रूपालीबाईंना आजारी असल्याचं कळवावं का? सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "आजारी कामून पडायलाव? भाज्या चांगल्या हायेत. भाज्या बोलायलेत ते जरा..." पुढचं वाक्य तिनं गिळलं.

संध्याकाळी ती नि हर्षिता व्हिडिओवर बोलत होत्या. दोघी हसून हसून डोळे पुसायल्या होत्या. मी आत गेलो तेव्हा गप्प. विषय काय विचारलं तर म्हणाल्या, आवळ्याचं लोणचं.

१४ फेब्रुवारी

दुपारी जरा डोळा लागला. जाग आली तर सौ. शेजारी बसून माझ्या तोंडाजवळ मोबाईल धरून होती.

"काय करायलीस?"

"नेटवर्क बघायले. ह्याच कोपऱ्यात येतंय."

हे खरं असावं, कारण पडद्यावर लाल रंगात काहीतरी चालू होतं आणि रेषा वरखाली होत होत्या. कंपनीकडं तक्रार करायला हवी. आमच्या घरात नेटवर्क फक्त माझ्या नाकाशी येतं हे बरं नव्हे.

१८ फेब्रुवारी

सौ.नं तक्रारीसाठी फोन स्वतःच लावून दिला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडची मुलगी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायली होती. मी तिला चांगलंच झापलं. मागाहून कळलं की ती मुलगी नव्हती, मशीन होतं.

रात्री जेवताना ठेचा इतका तिखट की मला उचकी लागली. पाणी मागितलं. पाणी आणायला तिला इतका उशीर कधी झाला नव्हता. दुसऱ्या हातात तो मोबाईल होताच.

न्हाणीघराच्या दाराशीही ती हल्ली उभी असते. मी आत गुणगुणत असतो. वयोमानानं बायकोची भक्ती वाढते असं ऐकलं होतं, अनुभव आत्ता.

२२ फेब्रुवारी

हर्षितानं आणखी एक लहान यंत्र पाठवलं. दोन तांब्याच्या पट्ट्या. एक एकानं धरायची, दुसरी दुसऱ्यानं, आणि दोघांनी एकमेकांचा मोकळा हात धरला की फेरा पूर्ण होऊन सनई वाजते. हात सोडला की बंद.

सौ.ला चाचणीला बोलावलं. तिनं पदराला हात पुसले आणि समोर बसली. हात धरला. सनई वाजली.

"आवाज नीट आला न्हाई," ती म्हणाली.

पुन्हा धरला. पुन्हा वाजली.

"अजून एकदा बघू. ह्या कानाला कमी आला."

असं पुष्कळदा झालं. शेजारच्या चन्नम्मा अक्का दारात येऊन विचारायल्या, कुणाचं लग्न हाय? सौ. लाजून आत पळाली, का ते कळलं नाही. मी अक्कांना तांब्याची वाहकता समजावून सांगितली.

सौ.चे कान बिदरला नेऊन तपासायला हवेत.

२६ फेब्रुवारी

पाटीत एक नखाएवढं कार्ड असतं, आवाज त्यात साठतात. रूपालीबाई ते शाळेच्या कॉम्प्युटरवर 'तपासायला' घेऊन गेल्या. परवा सकाळी त्याच बसवणार. अशी शिस्तीची शिक्षिका दुर्मिळ.

मी बोर्ड रंगवला. कन्नडमध्ये 'मुट्टी' आणि खाली 'हात लावा'. साचा जुनाच वापरल्यामुळं कवटी राहून गेली. ती पुसता येईना म्हणून हसरी केली. सौ.नं बोर्ड पाहिला आणि बराच वेळ पदर तोंडावर धरून उभी होती. रंगाचा वास तिला सोसत नाही.

२८ फेब्रुवारी

आज जे झालं ते शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

शाळेच्या मैदानात लिंबाखाली माझं टेबल. इतरांकडं ज्वालामुखी, पवनचक्की, तुरीच्या तुऱ्हाट्यांचा पूल. सगळीकडं गर्दी. माझ्यापुढं टेबलापासून लांब, खडूनं रेघ मारल्यासारखी पोरांची रांग. हात पाठीमागं. हसऱ्या कवटीकडं बघून पहिलीतलं एक लेकरू रडायला लागलं. सिद्धलिंगही आला होता. तो तर झाडामागं उभा.

टेबल आवरून घरी जावं असं वाटायलं होतं. तेवढ्यात रूपालीबाईंच्या सासूबाई, सुमनबाई, काठी टेकत पुढं आल्या. शेतात राबलेली बाई, वयानं माझ्याहून मोठी.

"जयभीम, साहेब."

मी नमस्कार केला. त्यांनी नातीकडून बोर्ड वाचून घेतला.

"हात लावा असं ल्ह्यालाव?"

"हो."

"नक्की नव्हं? मागनं म्हणशीला, कामून लावला?"

"नक्की."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "हात लावू नका, लांब ऱ्हावा, हे आमाला जन्मभर लई जणांनी सांगितलं, साहेब. हात लावा म्हणून बोर्ड लावणारे तुमीच पहिले."

मला बरं वाटलं. मी त्यांना समजावलं की खात्याचे बोर्ड सर्व ग्राहकांसाठी सारखेच असतात, कुणा एकासाठी नसतात. "व्हय की," म्हणून त्या हसल्या. काठी नातीकडं दिली आणि दोन्ही तळवे भोपळ्यावर ठेवले.

भोपळ्यानं "हा भोपळा आहे" असं म्हणायचं होतं.

भोपळा म्हणाला, "घुर्रर्रर्र... फूऽऽ. घुर्रर्रर्र... फूऽऽ."

सुमनबाईंनी हात काढला, बंद. हात ठेवला, घुर्रर्र.

"या माय!" त्या म्हणाल्या. "कोण झोपलंय ह्याच्यात?"

गर्दीतून सौ.चा आवाज आला, "आमच्या घरचेच हायेत ते!"

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येत नाही. बांध फुटावा तशी पोरं टेबलावर आली. वांगं शिंकलं. ती शिंक माझी होती, मी ओळखली, शेवटी 'आई गं' येतं. केळाला उचकी लागली. गाजर न्हाणीघरातल्यासारखं गुणगुणायला लागलं, तेही माझ्याच बेसूर आवाजात. मी वायर उपटायला धावलो. रूपालीबाईंनी हात धरला. "सर, नगा काढू. बघा जरा तिकडं."

बघितलं. रडणारं ते लेकरू आता दोन्ही हातांनी वांगं दाबून शिंका मोजायलं होतं. ज्वालामुखीवाली पोरं ज्वालामुखी सोडून माझ्या रांगेत. सिद्धलिंगनं झाडामागून येऊन डोळे मिटले, टेस्टर खिशात ठेवला आणि बोटानं वांग्याला हात लावला. शिंक आली तशी हात जोडून म्हणाला, "साहेब, काळजी घ्या."

एवढ्यात शिक्षणाधिकारी साहेब पाहणीला आले. सगळे बाजूला झाले. साहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि काकडी उचलली.

काकडी कडाडली, "अहो, तुम्ही कोण बोलता ते आधी सांगा! एवढा वेळ काय चाललंय तुमचं? वरिष्ठ कोण आहे तुमचं?"

साहेब ताठ उभे राहिले आणि काकडीला म्हणाले, "सॉरी सर."

मग त्यांच्या लक्षात आलं. मी माफी मागायला पुढं झालो. पण ते इतके हसले की शिपायानं खुर्ची आणली. खुर्चीत बसूनही त्यांनी काकडी दिली नाही, कुणाला तरी फोन लावून ती ऐकवायले होते. जाण्याआधी त्यांच्या एका हातात तांब्याची पट्टी, दुसरी सुमनबाईंच्या हातात, आणि मध्ये सातवीचा सगळा वर्ग हातात हात घालून. शेवटचा हात सुमनबाईंनी जरा वेळ वर धरून ठेवला, सगळ्यांकडं बघून घेतलं आणि मगच दिला. सनई वाजली. केवढी ओरडली पोरं.

"हे तुम्ही मुद्दामच केलं ना?" साहेबांनी विचारलं.

मी रूपालीबाईंकडं पाहिलं. त्या आभाळाकडं बघायल्या होत्या. सौ. बांगड्या मोजायली होती.

"अर्थात," मी म्हणालो. "आधीपासून तसंच ठरलं होतं."

१ मार्च

चौकशी केली. हर्षिता म्हणाली, "अप्पा, कार्डात व्हायरस असंल," आणि फोनवर खोकत बसली. रूपालीबाई म्हणाल्या, कॉम्प्युटर जुना हाय. सौ. म्हणाली, मला त्यातलं काय कळतंय. तिघींचं म्हणणं तपासलं, विसंगती आढळली नाही. व्हायरसनं उचकी इतकी हुबेहूब कशी मिळवली याचं नवल वाटतं.

करजगीहून एका मुख्याध्यापकांचा फोन आला. "घोरणारा भोपळा तुमचाच का?" अफझलपूरच्या पुढं, इथून बरंच लांब. सौ.नं मी उत्तर देण्याआधीच 'येतोय' म्हणून सांगितलं आणि चांगली साडी बाहेर काढून ठेवली. 'येतोय' हे अनेकवचन आहे हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

२ मार्च

टेबल आणि बोर्ड आणायला एकटाच शाळेत गेलो. मधली सुट्टी होती. नेहमी मला बघून पोरं रस्ता सोडतात. आज कुणी सोडला नाही. चौथीतली एक मुलगी, दोन वेण्या, गुडघ्याला माती, सरळ पुढं आली. माझ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बोटानं माझ्या पोटाला टोचलं.

मग कान लावून वाट बघत उभी राहिली.

मला आधी समजेना. मग समजलं. ते सगळे आवाज माझे होते हे तिनं ओळखलं होतं. मग मूळ यंत्र मीच.

आजवर नोकरीत, गावात, कुणी मला असं बोट लावलं नव्हतं. मी इकडंतिकडं पाहिलं. शिक्षक खोलीचं दार लोटलेलं होतं. शिपाई नळावर.

मी म्हशीसारखं ओरडलो.

मुलगी किंचाळली आणि पळाली. मग सगळ्यांना घेऊन आली. कुणी कान ओढला, तिथं बसचा हॉर्न दिला. कुणी नाक दाबलं, तिथं कोंबडा. पोरं कडक असतात. एकदा नाकाला कोंबडा दिला की दर वेळी कोंबडाच यायला हवा, चुकून हॉर्न दिला तर रागावतात. "बिघडलंय हे," म्हणतात आणि पुन्हा दाबतात. कोपराचं मी काही ठरवलं नव्हतं. तिथं एका लहानग्यानं हात लावला तेव्हा ऐन वेळी मांजर सुचलं.

घंटा झाली तरी ती हलेनात. शेवटी रूपालीबाई बाहेर आल्या. मी तेव्हा म्हैस होतो.

घरी पोचलो तेव्हा सदऱ्याला मातीचे हात उमटले होते, पोटावर, बाह्यांवर, पाठीवरसुद्धा. सौ.नं दारातच पाहिलं.

"एवढा उशीर? आणि टेबल कुठं हाय?"

टेबल मी तिथंच विसरून आलो होतो.

"तांत्रिक अडचण होती," मी म्हणालो. "उद्या पुन्हा जावं लागंल."